कामगार मंत्र्यांना खुले पत्र: लिपस्टिकचे पैसे कुणाच्या पगारातून?

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: दुकाने, शोरूम, हॉटेले यांत काम करणाऱ्या स्त्रियांवर लादल्या जाणाऱ्या दिसण्याच्या अटींबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

याआधी मी याच विषयावर एक अर्ज रीतसर केला होता. त्याचं उत्तर तीन महिन्यांनी आलं, दीड ओळीचं. "सदर बाब आस्थापनेच्या अंतर्गत शिस्तीची असल्याने या कार्यालयाच्या कार्यकक्षेत येत नाही." खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. कार्यालय कोणतं ते लिहीत नाही, कारण तिथल्या साहेबांशी माझं भांडण नाही. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा विचारला. माझं भांडण त्या दीड ओळीशी आहे. ती ओळ बदलायची तर ते आपल्याच खात्यातून होईल, म्हणून पत्र आपल्याला. आणि माझ्यासारख्या बायका गल्लोगल्ली काउंटरमागे उभ्या आहेत, म्हणून ते उघड.

मी नऊ वर्षं साड्यांच्या एका शोरूममध्ये काम केलं. शहर पश्चिम महाराष्ट्रातलं. दुकान तीन मजली: खाली कॉटन आणि रोजच्या साड्या, पहिल्या मजल्यावर सिल्क, दुसऱ्यावर बस्ता. मी बस्त्याला होते. लग्नाचा बस्ता बांधायला माणसं गाड्या करून येतात, आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत. एका बैठकीला सत्तर-ऐंशी साड्यांच्या घड्या मोडायच्या. नवरीला हवा असतो फिका रंग, आईला शालू लालच हवा असतो, आणि मानपानाच्या साड्यांत कुणाची दोनशेने कमी पडली तर मांडवात रुसवा ठरलेला. हे सगळं जमवून आणायचं काम माझं. ते मला येत होतं, असं मी नाही, विक्रीचं रजिस्टर म्हणतं.

पण माझी हजेरी त्या रजिस्टरपासून सुरू होत नव्हती. ती दुसऱ्याच एका वहीपासून सुरू व्हायची. दुकान दहाला उघडायचं. पुरुष सेल्समननी पावणेदहाला यायचं, आम्ही बायकांनी साडेनऊला. जिन्याखालच्या ट्यूबलाइटच्या उजेडात ओळीने उभं राहायचं. सुपरवायझर मॅडम प्रत्येकीच्या हातात टिश्यू पेपर देत. तो ओठांत दाबायचा आणि उघडून दाखवायचा. रंग नीट उमटला तर टिक, पुसट उमटला तर लाल फुली. आमच्या पानावर आठ रकाने होते: केस, टिकली, काजळ, ओठ, नखं, ब्लाउज, निऱ्या, चप्पल. पुरुषांच्या पानावर दोन: दाढी आणि शर्ट. त्यातलाही शर्टाचा रकाना महिनोन् महिने कोराच असायचा. एका लाल फुलीला पन्नास रुपये.

आता तक्रारी सांगते. सुरुवात पैशांपासून करते, कारण बाकी सगळ्याला लोक 'नखरे' म्हणतात.

माझा पगार हातात तेरा हजार पाचशे. बस्त्याच्या मजल्यावरच्या शेवटच्या वर्षात मी एक वही ठेवली होती. लिपस्टिक अडीचशेची, दोन महिने पुरते, म्हणजे महिना १२५. काजळ आणि कॉम्पॅक्ट मिळून १५०. भुवया आणि वरचा ओठ, महिन्यातून दोनदा, साठ-साठ रुपये, १२०. केसांचा रंग १८०. साडीला रोज कडक इस्त्री, घरी होत नाही, १५ रुपयांप्रमाणे २६ दिवसांचे ३९०. एकूण ९६५ रुपये. म्हणजे पगाराचे सात टक्के. शेजारच्या काउंटरवरच्या दादांनाही मी त्यांचा खर्च विचारला होता, हिशोब एकतर्फी नको म्हणून. शर्टाची इस्त्री ८ रुपयांनी २०८ आणि दाढीची ब्लेडं ६०. एकूण २६८. फरक महिन्याला ६९७ रुपये, वर्षाला ८,३६४. माझ्या रोजाच्या हिशोबाने ही सोळा दिवसांची मजुरी झाली. काम तेच, गिऱ्हाईक तेच, पगारपत्रकावरचा आकडाही तोच. आणि वर्षातले सोळा दिवस मी फुकट राबत होते, दिसण्यासाठी. शिवाय रोजची ती पंधरा मिनिटं, जी महिन्याला साडेसहा तास होतात, आणि हजेरीपटावर कुठेच दिसत नाहीत.

एवढं बारीक कशाला लिहिलंस, असं घरचे विचारतात. त्याचं कारण माझी भाची. ती लॉ करते. तिने मला डार्लीन जेस्पर्सन नावाच्या अमेरिकन बाईंची गोष्ट सांगितली. रेनो शहरातल्या एका कसिनोच्या बारमध्ये या बाई वीसेक वर्षं काम करत होत्या. गिऱ्हाईक त्यांच्यावर खूश. २००० साली मालकांनी नियम काढला की बायकांनी फाउंडेशन किंवा पावडर, ब्लश, मस्कारा आणि लिपस्टिक लावलीच पाहिजे. पुरुषांनी केस आखूड ठेवायचे आणि मेकअप लावायचा नाही. बाईंनी नकार दिला, नोकरी गेली. त्या कोर्टात गेल्या आणि २००६ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे हरल्या. न्यायाधीशांचं बहुमत म्हणालं की या नियमांमुळे बायकांवर पुरुषांपेक्षा जास्त बोजा पडतो, मेकअपला जास्त पैसे आणि वेळ लागतो, याचा पुरावा बाईंनी दाखलच केलेला नाही. आता पावडर-लिपस्टिकला पैसे पडतात हे सिद्ध करायला पुरावा लागतो, हे वाचून मी आधी हसले. मग वही विकत घेतली.

महोदय, २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चारही श्रम संहिता लागू झाल्या आहेत. १९७६ चा समान वेतनाचा कायदा आता वेतन संहितेत मिसळला आहे. तिचं तिसरं कलम आपल्याला पाठ असेल. सारख्या कामाला वेतनात लिंगावरून भेद करायचा नाही, आणि भरती करताना नोकरीच्या शर्तींतही करायचा नाही. माझा साधा प्रश्न असा: जी शर्त फक्त बाईला आहे आणि जिचा खर्च तिच्याच पगारातून जातो, ती शर्त वेतनातला भेद नाही तर काय आहे? 'अंतर्गत शिस्त'? मग उद्या एखाद्याने बायकांकडून काउंटरचं भाडं घेतलं तर तीही शिस्तच होईल.

दुसरी तक्रार दंडाची. ती थोडक्यात सांगते, कारण तिच्यात वाद घालण्यासारखं काही नाही. एका श्रावणात मला नऊ लाल फुल्या पडल्या. कापले साडेचारशे. दंड कशाबद्दल घ्यायचा त्याला शासनाची आधी मंजुरी लागते, ती यादी कामाच्या जागी लावावी लागते, कामगाराला बाजू मांडू द्यावी लागते, आणि एका महिन्याचा दंड पगाराच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये. हे जुन्या वेतन प्रदान कायद्यात होतं आणि नव्या वेतन संहितेतही आहे. माझे तीन टक्के होतात ४०५. दंडाची रक्कम नोंदवहीत चढवून कामगारांच्या हितासाठीच वापरायची, असंही आहे. आमच्या दंडातून दिवाळीला पेढे यायचे. पेढे सगळ्यांना मिळायचे, दोन रकानेवाल्यांनाही.

तिसरी तक्रार माझी नाही, आमच्या माईंची आहे. आम्ही सगळ्या त्यांना माईच म्हणायचो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांचे यजमान गेले. दुकान उघडल्यावर माई परत आल्या त्या कपाळ मोकळं ठेवून. त्यांच्या सासरी कुणाची सक्ती नव्हती, मुलगी उलट म्हणत होती, आई, लाव. माईच म्हणाल्या, मला आता नको वाटतं. हा त्यांचा प्रश्न होता. मॅनेजरनी त्यांना केबिनमध्ये बोलावून, अगदी हळू आवाजात, सांगितलं की बस्त्याच्या मजल्यावर कोरं कपाळ चालत नाही, लोक शुभकार्याला येतात. टिकली लावा, नाहीतर खाली कॉटनला जा. खाली इन्सेंटिव्ह निम्मा. माईंवर गृहकर्जाचे हप्ते होते.

त्यांनी टिकली लावली. रोज सकाळी लॉकर उघडून लावायच्या आणि रात्री घरी जाताना काढून लॉकरच्या दाराला आतून चिकटवायच्या. एकच टिकली डिंक संपेपर्यंत, मग दुसरी. मी एकदा त्यांच्या लॉकरमधून डबा काढायला गेले तर दाराच्या आतल्या बाजूला लाल मरून टिकल्यांच्या रांगा. मोजल्या नाहीत. दार लावून घेतलं.

आता हे पाहा. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढून घ्यायची नाहीत. त्याच महिन्यात आपल्या राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. मला त्या परिपत्रकाचा अभिमान आहे. पण मग ग्रामपंचायतीच्या हद्दीत बाईच्या कपाळाचा निर्णय बाईचा, आणि शहरात शोरूमच्या काचेच्या दारातून आत गेल्यावर तो मॅनेजरचा, हे कसं? आणि उलट बाजूही आहे. भाचीची मैत्रीण एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनला आहे. लग्नानंतर ती रुजू झाली तेव्हा तिला मंगळसूत्र आत घाल, टिकली काढ, हातातला चुडा उतरव, असं सांगण्यात आलं. म्हणजे मुद्दा टिकलीचा नाहीच. एकीकडे ती सक्तीची, एकीकडे बंद, आणि दोन्हीकडे सांगणारा हात तोच.

चौथी तक्रार माझी, आणि या पत्राचं मूळ तीच. सत्तेचाळिसाव्या वर्षी केसांच्या रंगाची मला ॲलर्जी झाली. टाळूला पुरळ, कानांमागे सूज. त्वचेच्या डॉक्टरांनी रंग बंद म्हणून लिहून दिलं. मी ती चिठ्ठी दाखवली. मॅनेजर चांगलं बोलले. म्हणाले, "ताई, तुमची तब्येत महत्त्वाची. तुम्ही दोन महिने गोडाऊनला बसा, केसांचं काहीतरी बघू." दोन महिन्यांचे चौदा झाले. गोडाऊनला बिलं नाहीत, म्हणून इन्सेंटिव्ह नाही. लग्नसराईत जे चार-पाच हजार वर मिळायचे ते गेले. बदलीचं पत्र नाही. विचारलं तर उत्तर, "पगार तर तोच आहे ना?"

आमच्याच मजल्यावर नाना होते, वय एकसष्ट. डोकं कापसासारखं पांढरं. त्यांच्याशी माझं कधी वाकडं नव्हतं, घड्या मोडायला त्यांनीच शिकवलं. ज्या महिन्यात मला गोडाऊनला पाठवलं त्याच महिन्यात दुकानाचं होर्डिंग लागलं चौकात. त्यावर नाना, हात जोडून हसत. खाली ओळ होती: 'विश्वासाची चाळीस वर्षं'. त्यांचे पांढरे केस विश्वास, माझे पांढरे केस गोडाऊन. नानांनी मला फोन करून माफी मागितली, बिचाऱ्यांनी. त्यांची चूक काय होती?

भाची म्हणते, ही गोष्ट नवी नाही, मुंबईतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेली आहे. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना (हा शब्दच बघा) पस्तिशीत निवृत्त व्हावं लागायचं, नाहीतर चार वर्षांच्या आत लग्न केलं तर, नाहीतर पहिल्या गरोदरपणात, जे आधी येईल तेव्हा. त्याच विमानात जेवण वाढणारे पुरुष अठ्ठावन्नपर्यंत नोकरीत. नर्गेश मिर्झांच्या खटल्यात १९८१ मध्ये न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली आणि तिला भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान म्हटलं. पस्तिशीनंतर मुदत वाढवायची की नाही हा व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीचा अधिकारही काढून घेतला. पण लग्नाची अट राहिली, आणि पुरुष आणि बायका वेगळ्या वर्गातले कर्मचारी आहेत हे म्हणणंही राहिलं. पुढे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारी विमान कंपनीतल्या बायकांवरची वजनाची अट उचलून धरली. तरी त्या बायकांना निदान न्यायालयाचं दार होतं, कारण कंपनी सरकारची होती आणि संविधानाची समतेबद्दलची कलमं १४, १५, १६ तिला लागू होती. माझा शेठ म्हणजे सरकार नव्हे. मी कोणत्या कलमाने त्याच्या दारात जाऊ?

पण कलम अगदीच नाही असंही नाही, आणि त्या दीड ओळीच्या उत्तराचा राग येतो तो यासाठी. आपल्याच विधिमंडळाने केलेल्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात लिहिलंय की स्त्री कामगाराबाबत भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन यांत भेदभाव करायचा नाही. 'बदली' हा शब्द तिथे आहे. मला मजल्यावरून गोडाऊनला नेलं ती बदली नव्हती, तर काय सहल होती? पूर्वीच्या निरीक्षकाला या कायद्यात सुविधाकार म्हणतात. नाव छान आहे. माझ्या बाबतीत सुविधा कुणाची झाली, ते मात्र कळलं नाही.

पाचवी तक्रार पायांची. आठव्या रकान्यातली चप्पल म्हणजे दीड इंच टाचेची, काळी. दहा तास उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी, कारण 'बसलेली सेल्सगर्ल आळशी दिसते'. पुन्हा दिसणंच. केरळात कोझिकोडच्या कापडदुकानांतल्या बायका आधी स्वच्छतागृहासाठी आणि मग बसण्याच्या हक्कासाठी लढल्या. २०१८ मध्ये केरळने आणि २०२१ मध्ये तामिळनाडूने दुकानांच्या कायद्यात बदल करून बसायची सोय बंधनकारक केली. नव्या सुरक्षा व आरोग्य संहितेतही उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची व्यवस्था सांगितली आहे. आमच्या दुसऱ्या मजल्यावर गाद्या होत्या, गिऱ्हाईकांसाठी. खाली वाकून साडी पसरायची, पुन्हा उभं राहायचं. दिवसातून किती वेळा, ते माझे गुडघे सांगतील.

आता समोरून काय उत्तर येईल ते मला माहीत आहे. नऊ वर्षं ऐकलंय. "गिऱ्हाईकाला तसंच आवडतं हो." तर त्याबद्दल एक सांगते. ज्या गावात, ज्या पेठेत साड्यांचं जुनं दुकान आहे, तिथे जाऊन बघा. पदर कसा दिसतो हे दाखवायला सेल्समन साडी स्वतःच्या खांद्यावर घेतो, निऱ्या कमरेला धरतो आणि आरशापुढे उभा राहतो. मिशीसकट. नाना तर पैठणी अशी खांद्यावर टाकायचे की मोर उडाल्यासारखा वाटे. त्या मिशीमुळे कधी कुणाचा शालू परत गेला नाही. गिऱ्हाईक साडीकडे बघतं. नजर साडीवरून उचलून माझ्या ओठांवर न्यायची, हे दुकानाने ठरवलेलं आहे, गिऱ्हाईकाने नाही.

आणि गंमत अशी की आपल्याच मुंबईत सिनेमाच्या धंद्यात मेकअप करणं हे बाईचं काम नाही, असा नियम होता. मेकअप आर्टिस्टचं कार्ड पुरुषालाच. बाईने केस करावेत, चेहऱ्याला हात लावू नये. कामगार संघटनेच्या नियमातच ते होतं. चारू खुराना नावाच्या मेकअप आर्टिस्ट सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये ते कलम गेलं. म्हणजे मेकअप करून पैसे मिळवायचे असतील तेव्हा बाई चालत नव्हती. पैसे घालून मेकअप लावायचा असेल तेव्हा मात्र बाईच हवी.

दुसरं उत्तर येतं, "मग काय युनिफॉर्म पण नको?" युनिफॉर्म हवा. मला माझी जांभळी युनिफॉर्मची साडी आवडायची, खोटं का बोलू. स्वच्छ कपडे, कापलेली नखं, बांधलेले केस, हे सगळ्यांना सारखं सांगा. खानावळीत आचाऱ्याला जाळी घाला, आचारिणीलाही घाला. कारखान्यात पट्ट्यात पदर अडकेल तिथे साडीच नको म्हणा. जिथे कामाला गरज आहे तिथे माझी ना नाही. मी विचारतेय ते एवढंच की टिश्यू पेपरवर उमटणाऱ्या ओठांची साडी विकायला काय गरज आहे, आणि असेल तर त्याचे पैसे शेठ का देत नाहीत.

तृतीयपंथी व्यक्तींबद्दलही एक ओळ लिहायलाच हवी. २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोशाखातून, वागण्या-बोलण्यातून आपली ओळख दाखवणं हा अभिव्यक्तीचा भाग मानला, आणि २०१९ च्या कायद्याने खासगी आस्थापनांनाही नोकरीत भेदभाव करायला मनाई केली. आमच्याकडे अशी एक मुलगी मुलाखतीला आली होती, साड्यांची जाण माझ्यापेक्षा जास्त. तिला विचारलं, "आमच्या वहीत तुमचं पान कोणतं?" ती जिना उतरून गेली. आठ रकान्यांचं पान आणि दोन रकान्यांचं पान, यापलीकडे त्या वहीत काही नव्हतं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. वेतन संहितेखालच्या राज्याच्या नियमांत, किंवा तोवर परिपत्रकाने, स्पष्ट करावं की एकाच लिंगाच्या कामगारांवर पडणारी दिसण्याची अट ही नोकरीची शर्त आहे. म्हणजे 'अंतर्गत शिस्त' म्हणून कुणाला अर्ज परत करता येणार नाही.

२. दिसण्याबाबतचा कोणताही नियम लेखी असावा, मराठीत दर्शनी भागात लावलेला असावा, सगळ्यांना सारखा असावा. त्याचा खर्च मालकाने द्यावा आणि त्यात जाणारा वेळ कामाच्या तासांत धरावा.

३. लिपस्टिक, टिकली, केस, निऱ्या यांवरून दंड बंद. गेल्या तीन वर्षांच्या दंडाच्या नोंदवह्या मागवून पाहाव्यात. नोंदवहीच नाही असं उत्तर आलं तर तेच उत्तर समजावं.

४. टिकली, कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या यांची सक्ती नको आणि बंदीही नको. अपवाद फक्त यंत्र आणि स्वच्छता यांचा. ग्रामपंचायतींना जे परिपत्रक गेलं त्याच धर्तीचं एक दुकानांना, हॉटेलांना, इस्पितळांना, बँकांना पाठवावं. मजकूर फार बदलावा लागणार नाही.

५. वय, पांढरे केस, वजन, रंग यांवरून मजल्यावरून हलवणं ही २०१७ च्या अधिनियमातली बदलीच धरावी, आणि गेलेला इन्सेंटिव्ह भरून द्यायला लावावा.

६. प्रत्येक काउंटरमागे स्टूल असावं, आणि पायांत सपाट चप्पल घालायची मुभा असावी.

७. तक्रार नाव न सांगता करता यावी. माई अजून तिथेच आहेत, म्हणून या पत्रात त्यांचं नाव नाही.

श्रम संहितेत स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या लेखी शर्ती, तीनशे किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनाच बंधनकारक आहेत. आमच्या दुकानात छत्तीस माणसं. त्यामुळे जे काही करायचं ते आपल्या खात्याच्या नियमांतूनच होऊ शकतं, हे लक्षात घ्यावं ही विनंती.

मी गेल्या फेब्रुवारीत नोकरी सोडली. आता घरूनच साड्या विकते, मोबाइलवर व्हिडिओ काढून. व्हिडिओत फक्त हात आणि साडी दिसते. विक्री ठीक चालली आहे. अनुभवाचं प्रमाणपत्र मागितलं तेव्हा दुकानाने दिलं, तत्परतेने. त्यात नऊ वर्षांचा उल्लेख आहे आणि पदनामाच्या जागी शेवटचं पद टाकलं आहे.

सोबत वहीच्या बारा पानांच्या छायाप्रती, डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्या दीड ओळीच्या उत्तराची प्रत जोडली आहे. मूळ कागद माझ्याकडे आहेत, बोलावलंत तर घेऊन येईन.

आपली,
गोडाऊन सहायक (प्रमाणपत्राप्रमाणे)